पक्ष्यांवरचे गोचीड आणि कुळागरातला पातेरा

आपल्या प्रश्नाचा आशय मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आपले कुळागर, म्हणजे पोफळींची पाण्याखालची बाग, आहे आणि वरच्या उतारावर काजूची बाग आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोफळींखाली थकून बसलेला एक नवरंग पक्षी आपल्या मुलाने उचलून घरी आणला, तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवती राखाडी रंगाचे बारीक गोचीड चिकटलेले दिसले. पक्षी दुसऱ्या दिवशी उडून गेला. पुढे फेब्रुवारीत काजूच्या बिया वेचताना घरातल्या दोघांच्या पायांवर अगदी लहान गोचीड सापडले, आणि असे आपल्या वाडीत यापूर्वी कुणी पाहिलेले नव्हते. हे गोचीड पक्ष्यांनीच आणले का, अंगणातले पाण्याचे भांडे आणि दाणे बंद करावेत का, आणि सत्तरीत झाला तसा माकडताप (गोचिडांमुळे माकडांना व माणसांना होणारा विषाणूजन्य ताप) आता आपल्याकडेही येणार का, असे आपण विचारले आहे.

मी पशुवैद्य आहे. सत्तरी आणि धारबांदोडा भागातल्या गोठ्यांत आणि जंगलाच्या कडेला गोचीड गोळा करणे व ओळखणे हा अनेक वर्षे माझ्या कामाचा भाग राहिला आहे. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: पक्ष्याने आणलेला गोचीड आपल्या जमिनीत रुजला आहे का? पक्षी गोचीड आणतात यात शंका नाही. ते दर हंगामात आणतात आणि पूर्वीही आणत होते. बहुतेक गोचीड जिथे पडतात तिथेच मरतात. जे जगतात ते का जगले, याचे कारण मात्र आकाशात सापडत नाही, ते जमिनीवर शोधावे लागते. आपल्या पायांवर सापडलेला गोचीड कोणत्या जातीचा होता हे तो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि पुढचे बरेचसे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

गोचिडाच्या आयुष्याची रचना समजली तर बाकीचे समजणे सोपे जाते. अंड्यातून सहा पायांचे पिल्लू बाहेर येते. आकाराने ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ते एखाद्या प्राण्यावर चढते, तीन ते पाच दिवस रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते आणि आठ पायांचे होते. या दुसऱ्या अवस्थेला आम्ही निम्फ म्हणतो, आणि तो एक ते दोन मिलिमीटरचा असतो. निम्फ पुन्हा कुणावर तरी चढतो, पुन्हा खाली पडतो आणि प्रौढ होतो. प्रौढ मादी बहुधा गाय, म्हैस, रानडुक्कर किंवा कुत्रा अशा मोठ्या प्राण्यावर आठवडाभर किंवा थोडे अधिक रक्त पिते, जमिनीवर उतरून एकदाच शेकडो-हजारोंच्या संख्येने अंडी घालते आणि मरते. जंगलातल्या बहुतेक गोचिडांचे चक्र हे असे आहे. म्हणजे आयुष्यातले मोजके दिवस सोडले, तर गोचीड सगळा काळ पातेऱ्यात (जमिनीवरच्या वाळक्या पानांच्या थरात), गवताच्या बुडाशी किंवा मातीच्या भेगेत काढतो. तिथली हवा कोरडी झाली की तो सुकून मरतो. त्याला टिकायला दोन गोष्टी लागतात: खाली बारमाही दमट राहणारा थर, आणि वर मादीला पोटभर रक्त देणारा मोठा प्राणी.

पक्ष्यांवर सापडतात ती जवळजवळ नेहमी पिल्ले आणि निम्फ. पक्षी चोचीने अंग साफ करतो, त्यामुळे जिथे चोच पोहोचत नाही तिथेच गोचीड टिकतो: डोळ्यांच्या कडेला, कानाजवळ, चोचीच्या मुळाशी, हनुवटीखाली आणि डोक्यावर. आपल्या नवरंगाच्या डोळ्यांभोवती जे दिसले ते अगदी अपेक्षित ठिकाणी होते. भिंगाखाली पाहिले असते, तर रक्त पिऊन फुगलेले पिल्लू राखाडी आणि गोल दिसले असते, आणि त्याचे सहा पाय पुढच्या टोकाशी इतके आखडलेले की पहिल्या नजरेत पाय आहेत हेच लक्षात येत नाही. असे फुगलेले पिल्लू एक-दोन दिवसांत आपणहून सुटून पडते.

कोणता पक्षी, याने फार फरक पडतो. शिंजीर, पाकोळ्या, वेडा राघू हे जमिनीवर फारसे वावरत नाहीत, म्हणून त्यांच्यावर रानातले गोचीड क्वचित असतात. पातेरा उलटापालटा करून किडे शोधणारे पक्षी म्हणजे रानकोंबडा, मोर, चकोत्री, सातभाई, भारद्वाज, कस्तूर आणि नवरंग. यांतला नवरंग हिमालयाच्या पायथ्याशी आणि मध्य भारतात वीण करून हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे येतो, रात्री प्रवास करतो आणि थकून अंगणात किंवा चक्क घरात उतरतो. असा पक्षी एका रात्रीत लांबचा पल्ला गाठत असल्यामुळे त्याच्यावरचा गोचीड खरोखरच दूरच्या रानातला असू शकतो. पण आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे पक्षी मला मोर आणि रानकोंबडे वाटतात. ते इथलेच आहेत, रोज डोंगरावरच्या रानातून कुळागरात उतरतात आणि संध्याकाळी परत जातात. गेल्या काही वर्षांत गोव्याच्या गावागावांत मोर अंगणापर्यंत येऊ लागले आहेत. एखाद्या प्रवाशाने वर्षातून एकदा टाकलेल्या चार पिल्लांपेक्षा शेजाऱ्याने रोज थोडी थोडी आणलेली पिल्ले रुजण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आता आपण सांगितलेला कालक्रम पाहू. पश्चिम घाटातल्या ज्या जातीचा माकडतापाशी मुख्य संबंध आहे, त्या हिमाफायसॅलिस स्पिनिजेराचे प्रौढ गोचीड पावसाळ्यात जोर धरतात, पिल्ले पावसाळा सरताना व त्यानंतर दिसतात आणि निम्फ साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतात. नोव्हेंबरमध्ये पक्ष्यावरून पडलेले पिल्लू कात टाकून फेब्रुवारीत निम्फ म्हणून माणसाच्या पायावर चढणे अशक्य नाही. मात्र याच कालक्रमात आपल्याच बागेत पावसाळ्यात घातलेल्या अंड्यांतून आलेली पिल्लेही तितकीच बसतात. म्हणून नुसत्या तारखांवरून नवरंगाला जबाबदार धरू नये, असे माझे मत आहे.

याचा अधिक चांगला पुरावा गोचिडाच्या पायांत आहे. पुन्हा गोचीड सापडला तर भिंगातून त्याचे पाय मोजा. सहा पायांची पिल्ले एकाच जागी, एकाच गवताच्या पात्यावर झुंडीने असतील, तर त्यांच्या आईने अंडी तिथेच, दोन-चार हातांच्या आत घातली आहेत, कारण पिल्ले स्वतःहून दूर चालत नाहीत. ती आई पक्ष्यावरून आलेली नसते. ती गाय, कुत्रा किंवा डुकरावरून पडलेली असते. अशी झुंड पुष्कळदा गुरांवर नेहमी आढळणाऱ्या रिपिसेफॅलस मायक्रोप्लस या जातीची निघते. ती जात आयुष्यभर एकाच जनावरावर राहते आणि माणसाला चुकून चिकटते. उलट आठ पायांचे एकेक-दोन दोन निम्फ विखुरलेले सापडत असतील, तर ते पक्षी, उंदीर, खार यांच्यावरून इकडेतिकडे पडलेल्या पिल्लांचे असण्याचा संभव जास्त. अशा वेळी हिमाफायसॅलिसचा विचार आधी करावा लागतो.

पक्ष्यांवरच्या संशयाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. हाच माकडताप. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला, तेव्हा तो सायबेरिया आणि रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंचा नातेवाईक निघाला. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांबरोबर गोचीड आणि गोचिडांबरोबर विषाणू आला असेल, ही शंका साहजिक होती. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्षी पकडून त्यांच्या पायांत ओळखीची कडी घालण्याचा आणि त्यांच्यावरचे गोचीड तपासण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. भारतातल्या स्थलांतराविषयी त्यातून अमूल्य माहिती मिळाली. पण परदेशी पक्ष्यांनी रोग आणला, हे मात्र सिद्ध झाले नाही. विषाणू इथल्याच रानातला असल्याचे पुढे बहुतेकांनी मानले. पुढे सौदी अरेबियात याचा अगदी जवळचा भाऊबंद सापडला आणि दूरच्या संबंधाची चर्चा पुन्हा सुरू झाली. त्यात पक्ष्यांबरोबर गुराढोरांच्या व्यापाराचेही नाव घेतले जाते.

क्यासनूरच्या अभ्यासातली जी गोष्ट मला आजही सर्वांत उपयोगी पडते, ती मात्र गुरांविषयीची आहे. जंगल तोडून शेती आणि वस्ती वाढली, गुरे रानाच्या कडेला चरू लागली आणि प्रौढ मादी गोचिडांना भरपूर रक्त मिळू लागले. गाय स्वतः माकडतापाने आजारी पडत नाही, पण पुढच्या पिढीच्या हजारो पिल्लांचा खर्च तीच उचलते.

परदेशातले एक उदाहरण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवते. आफ्रिका आणि भूमध्य सागराच्या काठावरून उत्तरेकडे जाणारे पक्षी दर वसंतात हायलोमा जातीच्या गोचिडांची पिल्ले व निम्फ जर्मनी, स्वीडनपर्यंत नेतात. हे वर्षानुवर्षे चालू होते, पण थंड उन्हाळ्यात ती प्रौढ होत नसत. 2018 चा उन्हाळा तिथे विलक्षण उष्ण आणि कोरडा गेला, आणि त्या वर्षी दोन्ही देशांत घोड्यांवर व इतर जनावरांवर हायलोमाचे प्रौढ गोचीड नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक सापडले. पक्षी तेच होते, त्यांचा मार्गही तोच होता. खाली जमिनीवरची परिस्थिती तेवढी बदललेली होती.

आपल्याकडे 2015 मध्ये सत्तरी तालुक्यात माकडताप आढळला आणि 2016 मध्ये शेजारच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. दोन्ही ठिकाणी रानाला लागून काजूची लागवड आहे, आणि बोंडू (काजूची फळे) गळण्याचा हंगाम म्हणजे नेमका निम्फांचा हंगाम. बिया वेचणारा माणूस तासन्‌तास पातेऱ्यात उकिडवा बसतो, हात पातेऱ्यात घालतो, अंगावर बहुधा अर्धी चड्डी किंवा गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी असते. गोचिडाला यापेक्षा सोयीचे काही नाही. आपल्या कुळागराची गोष्ट याहून थोडी वेगळी आणि माझ्या मते अधिक काळजीची आहे. काजूच्या उतारावरचा पातेरा मार्चपर्यंत सुकतो, पण पाटाने शिंपले जाणारे कुळागर एप्रिल-मेमध्येही सावलीचे आणि दमट राहते. एरवी उन्हाने मेले असते ते गोचीड तिथे तग धरू शकतात. शेजारची शेते पडीक असतील, मोकाट गुरे दुपारी आपल्या बागेच्या सावलीत येऊन बसत असतील आणि रात्री रानडुकरे उतरत असतील, तर रुजण्याची सगळी सामग्री जमलेली आहे. ही परिस्थिती आपल्याकडे कितपत आहे हे मला माहीत नाही. आपण स्वतः फिरून पाहावे.

पाहण्याची पद्धत सोपी आहे. साधारण एक मीटर लांब-रुंद पांढरे जाड कापड, शक्यतो फलालीन, काठीला बांधा आणि सकाळी दव सुकल्यावर पातेऱ्यावरून व गवतावरून सावकाश ओढत न्या. दर दहा पावलांनी थांबून कापड उलटे करून पाहा. गोचीड असेल तर तो कापडाला धरून बसलेला किंवा पुढचे दोन पाय वर उचलून चालताना दिसेल. त्या पायांतल्या एका इंद्रियाने तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास ओळखतो. काजूची बाग, पाटाची कडा, गुरे बसतात ती जागा आणि मोरांची पायवाट अशा जागा वेगवेगळ्या तपासा आणि कुठे काय मिळाले ते लिहून ठेवा. एकाच वर्षी एखाद-दुसरा निम्फ मिळाला तर ते आगमन समजावे. याच जागी पुढच्या वर्षी पुन्हा मिळाले, आणि पिल्ले, निम्फ, प्रौढ अशा सगळ्या अवस्था दिसल्या, तरच वस्ती झाली असे म्हणता येईल.

पक्ष्यांच्या पाण्याविषयी माझे स्पष्ट मत आहे की ते बंद करू नये. भांडे कमरेइतक्या उंचीवर ठेवा आणि रोज घासून पाणी बदला. उन्हाळ्यात पक्ष्यांना त्याची गरज असते, आणि पाणी पिऊन जाणाऱ्या पक्ष्यामुळे आपल्या अंगणात गोचिडांची वस्ती होत नाही. जमिनीवर टाकलेले दाणे मात्र बंद करावेत. त्याचे कारण पक्ष्यांपेक्षा उंदीर हे आहे. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर आणि घुशी येतात, आणि गोचिडाच्या पिल्लांना वाढवण्यात लहान प्राण्यांचा वाटा फार मोठा असतो. मोर आणि रानकोंबडेही दाण्यांच्या ओढीने रोज त्याच जागी थांबू लागतात. पक्षी मारणे, पिटाळणे किंवा त्यांच्यावर औषध फवारणे याचा विचारही नको. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि फवारणीने पाटातले मासे व बागेतल्या मधमाश्या मरतील. पुन्हा थकलेला पक्षी सापडला तर हातमोजे घालून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन खात्याला कळवा. त्याच्या अंगावरचे गोचीड घरी उपटत बसू नका, कारण डोळ्याला इजा होते.

खरे काम गुरे आणि कुत्रे यांच्यावर करायचे आहे. प्रौढ मादी पावसाळ्यात गुरांवर असते, म्हणून मृगाच्या सुमारास आणि पुढे पावसाळाभर आपल्या पशुवैद्याच्या सल्ल्याने गुरांना गोचीडनाशक लावले, तर पावसानंतरची पिल्ले कमी होतात. फेब्रुवारीत पायाला चावल्यावर गुरांवर औषध मारणे उशिराचे असते. औषधाची मात्रा आणि त्यानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही हे विचारूनच ठरवावे. कुत्र्यांसाठी आता चघळायच्या गोळ्या मिळतात आणि त्या चांगले काम करतात. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे पर्मेथ्रिनयुक्त औषध तिच्या आसपासही नेऊ नये, कारण ते तिला विषारी असते. कुळागरातला सगळा पातेरा झाडून किंवा जाळून टाका, असे मी सांगणार नाही, कारण पोफळीच्या मुळांना ओलावा तोच देतो. ज्या वाटांवरून माणसे रोज ये-जा करतात आणि जिथे बसून काम करतात, त्या दोन-तीन मीटर रुंदीत साफ ठेवल्या तरी चावण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

आता माकडताप. गोचीड सापडला म्हणजे विषाणू सापडला, असे नाही. हिमाफायसॅलिस विषाणूशिवायही रानात भरपूर असतो. खरी धोक्याची खूण म्हणजे परिसरात मेलेले किंवा आजारी वानर वा माकड. आजारी माकडाच्या रक्तावर पुष्कळ गोचीड संसर्ग घेतात आणि माकड मेल्यावर त्याच्याभोवती गळून पडतात, म्हणून ती जागा काही काळ सर्वांत धोक्याची असते. तिथे जाऊ नका, मेलेल्या माकडाला हात लावू नका, वन खाते आणि आरोग्य केंद्र यांना लगेच कळवा. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंग व पाठ मोडून येणे, उलट्या, किंवा नाका-हिरड्यांतून रक्त येणे असे काही झाले, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे, तारखेचे आणि जागेचे आवर्जून सांगा. रक्तातला विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. या रोगात मृत्यूचे प्रमाण सुमारे 3 ते 5 टक्के आहे आणि विषाणूवर खास औषध नाही, पण वेळेवर आधार देणारे उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. माणसाकडून माणसाला तो होत नाही, त्यामुळे घरातल्या आजारी माणसाला वेगळे टाकण्याचे कारण नाही. बिया वेचायला जाताना फिक्या रंगाची पूर्ण पँट मोज्यांत खोचून घाला, उघड्या कातडीला गोचीड दूर ठेवणारे तेल लावा, आणि घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाकून अंग नीट तपासा, विशेषतः गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली आणि लहान मुलांच्या कानांमागे.

चिकटलेला गोचीड काढताना रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी यांतले काहीही वापरू नये. त्याने गोचीड लवकर सुटतोच असे नाही, आणि डिवचल्यामुळे तो लाळ अधिक सोडण्याचा धोका असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला कातडीच्या अगदी लगत, तोंडापाशी धरा, पोट दाबू नका, आणि पीळ न देता सरळ वर सावकाश ओढा. मग जागा साबणाने धुवा.

घरी गावठी कोंबड्या असतील तर खुराडेही एकदा पाहून घ्या. तिथल्या लाकडाच्या फटींत चपटा, चामड्यासारखा, वरून पाहिल्यास तोंड न दिसणारा गोचीड लपलेला असू शकतो. तो अर्गास, कोंबड्यांचा गोचीड. तो रात्री चावतो, उपाशीपोटी फार दीर्घ काळ जगतो आणि त्याचा माकडतापाशी संबंध नाही, पण कोंबड्या त्याने खंगतात.

काढलेले गोचीड फेकू नका. छोट्या बाटलीत स्पिरिट घालून त्यात ठेवा, आणि पेन्सिलीने चिठ्ठीवर तारीख, जागा व ते कुणाच्या अंगावरून काढले हे लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका, कारण शाईने लिहिलेले स्पिरिटमध्ये पुसले जाते. माणसांवरचे, कुत्र्यावरचे, गुरांवरचे आणि कापडावरचे गोचीड वेगवेगळ्या बाटल्यांत असावेत. त्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन द्या आणि जात ओळखून मिळेल का, असे विचारा. तोपर्यंत एखाद्याचे वरून आणि खालून असे दोन स्पष्ट फोटो पाठवलेत, तर तो हिमाफायसॅलिस आहे की गुरांचा नेहमीचा गोचीड, एवढे तरी मी बहुधा सांगू शकेन.